पाच दिवसांचा कोळसा

इगतपुरीत पावसाळ्यात लाकडाचं काम काढू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणजे सांगितलं होतं. आईनंच सांगितलं होतं. पण आईचं ऐकायचं वय गेलंय आणि स्वतःची अक्कल यायचं वय अजून आलेलं नाही, अशा मधल्या टप्प्यावर मी सध्या आहे. वय वर्षं अठ्ठावीस.

तर झालं असं, की जूनमध्ये मी एक लाकडी मॉडेल पॉवरबोटीचं किट मागवलं. नोकरी ठाण्याला, घर इगतपुरीला. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची, शनिवार-रविवार बोट बांधायची, सोमवारी पहाटे परत, असा बेत. आठवडाभर स्क्रीनवर जे काही करतो ते हातात धरता येत नाही, निदान दोन दिवस तरी हातात धरता येईल असं काहीतरी करावं, एवढाच उदात्त हेतू होता. आता आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं तीन मिलिमीटरच्या प्लायवूडची काय कथा? पहिल्या शनिवारी सरळ असलेली फळी दुसऱ्या शनिवारी केळीच्या सालीसारखी वाकलेली होती.

किट तसं साधं. मधोमध कणा, म्हणजे कील. त्यावर ठरावीक अंतरावर आडव्या बसणाऱ्या लेझरनं कापलेल्या फासळ्या. त्या फासळ्यांच्या खाचांमधून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या पातळ लाकडी पट्ट्या, आणि शेवटी सगळ्यावर चिकटवायची प्लायची कातडी. गुंडाळी केलेला एक मोठा आराखडा. एक पितळी नळी, तिच्यातून पंख्याचा दांडा जाणार. सोबतच्या माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मोटर, बॅटरी आणि रिमोट यात समाविष्ट नाही, ते वेगळं घ्यावं.

त्या एका ओळीनं माझे पुढचे चार महिने खाल्ले. बोट बांधण्यात गेले ते वेगळेच.

आधी बांधायचं सांगतो. या प्रकारात सगळं अवलंबून असतं ते फासळ्या सरळ बसण्यावर. एक फासळी एका मिलिमीटरनं तिरकी बसली की तो तिरकेपणा पट्टीतून पुढे सरकतो आणि नाळेशी पोचेपर्यंत बोटीनं मान वाकडी केलेली असते. पट्ट्या वाकवायच्या तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, हळूहळू. घाई केली की कट्कन मोडतात. माझ्या तीन मोडल्या. प्रत्येक वेळी बाबा पेपरमधून डोकं वर न काढता "गेली?" एवढंच विचारायचे. बाबा रेल्वेत लोको पायलट होते, आता रिटायर झालेत. त्यांची बरीचशी नोकरी घाटात बँकरवर गेली. बँकर म्हणजे कसाऱ्याला गाडीच्या मागे लावतात ती ढकलणारी इंजिनं. ३७ फुटांत एक फूट चढ, पंधराएक किलोमीटर. वर इगतपुरीला आलं की ती सुटतात.

पावसात इपॉक्सी वाळायची वाट बघत बसायचं, तेव्हा वेळच वेळ असतो. त्या वेळात मी मुंबईच्या जहाजांबद्दल वाचत गेलो. सुरुवात केली ती मुंबईत लाकडी जहाजं कुणी बांधली इथून, आणि अडकलो एका आगबोटीत. तिच्याबद्दलच सांगायचंय.

मुंबईच्या गोदीची गोष्ट थोडक्यात अशी. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला जहाजबांधणीसाठी मुंबईला आणलं. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं त्याच्या घराण्यातलेच लोक गोदीचे मुख्य बांधकामदार राहिले. मलबारचं सागवान हे त्यांचं भांडवल. इंग्लंडमधल्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाचं तसं नाही, त्यातलं तेल उलट खिळे सांभाळतं आणि कीडही दूर ठेवतं. त्यामुळे मुंबईची जहाजं टिकाऊ म्हणून नावाजली होती. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी ब्रिटिश आरमारासाठी ७४ तोफांचं 'मिंडेन' बांधलं, ते १८१० मध्ये पाण्यात उतरलं. त्याआधी १८०० साली बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'च्या पोटात, कण्यावरच्या तुळईवर, जमशेटजींनी 'हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलं' अशा अर्थाचा मजकूर (मध्ये एक शिवी पेरून) कोरला होता, आणि तो पुढे दुरुस्तीच्या वेळी सापडला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, मला फार आवडते. आपणही कोडमध्ये, कुणी बघणार नाही अशा जागी, कॉमेंट टाकून ठेवतोच की.

त्याच जमशेटजींच्या 'त्रिंकोमाली'ची गोष्ट तर किटवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. या जहाजाचे आराखडे लंडनहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले. वाटेत २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं 'जावा'ला हरवलं, आणि जहाजासोबत आराखडेही गेले. मग नवे आराखडे पाठवावे लागले. आपलं कुरिअर दोन दिवस कस्टममध्ये अडकलं तर आपण केवढा आरडाओरडा करतो! शेवटी 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षांहून जुनं, मुंबईत बांधलेलं.

म्हणजे सांगाडा, फळ्या, बांधणी यांत मुंबईचा हात धरणारे जगात थोडेच होते. आणि मग वाफ आली.

१८२५ मध्ये 'एंटरप्राइज' नावाची आगबोट इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्याला आली. ११३ दिवस लागले, तेही बराचसा प्रवास शिडांवर करून. चांगलं शीडजहाजही तेवढ्यात येऊ शकलं असतं, त्यामुळे बरेच जण हसले. पण मुंबईच्या लोकांच्या डोक्यात वेगळीच वाट होती: मुंबईहून तांबड्या समुद्रातून सुएझ, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र, आणि पुढे युरोप. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, पण टपालाच्या पिशव्या उंटावरून जाऊ शकत होत्या. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले उलटे वारे नडायचे. इंजिनाला वाऱ्याची पर्वा नसते.

म्हणून मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये एक आगबोट बांधली गेली. सागवानाची. तेव्हा मुख्य बांधकामदार होते जमशेटजींचे चिरंजीव नौरोजी. वजनाच्या मापात ४११ टन, दोन्ही बाजूंना फिरती चाकं. आणि इंजिनं? प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं इंग्लंडहून, मॉड्स्ले यांच्या कारखान्यातून आली. 'मोटर यात समाविष्ट नाही'. जहाजाला नाव दिलं 'ह्यू लिंडसे', कंपनीच्या एका संचालकाचं. मोठ्या साहेबाच्या नावानं प्रॉडक्ट काढायची पद्धत जुनीच म्हणायची.

आता गंमत बघा. या बोटीत कोळसा ठेवायला जागा होती ती साधारण साडेपाच दिवसांच्या प्रवासापुरती. आणि मुंबई ते एडन हा पहिलाच टप्पा होता अकरा दिवसांचा.

म्हणजे बोट उत्तम, इंजिन उत्तम, पण दोघांचा हिशेब एकत्र बसून कुणी केलाच नव्हता. मग जे आपण सगळे रिलीजच्या आदल्या रात्री करतो तेच तेव्हाही केलं गेलं. मिळेल तिथं कोंबलं. माल ठेवायच्या जागेत कोळसा, उतारूंच्या दालनात कोळसा, डेकवर कोळसा. २० मार्च १८३० रोजी कमांडर विल्सन यांच्या हाताखाली 'ह्यू लिंडसे' मुंबईहून निघाली तेव्हा ती इतकी खोल बसली होती, की बाजूची चाकं पाण्यात जरुरीपेक्षा जास्त बुडून नुसतीच घुसळत होती. एडनला पोचली तेव्हा बंकरमध्ये उरला होता जेमतेम सहा तासांचा कोळसा. तिथं दिवसच्या दिवस थांबून कोळसा भरला, पुढे मोखा, जिद्दा असं करत २२ एप्रिलला सुएझ गाठलं. तेहतीस दिवस. त्यांतले प्रत्यक्ष वाफेवर चालल्याचे एकवीस, बाकीचे बरेचसे कोळसा भरण्यात.

खर्च बघून लंडनच्या संचालकांनी नाकं मुरडली. पण वाट सापडली होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम तर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हिंदुस्थान सोडताना याच बोटीनं गेले.

हे वाचत होतो त्याच आठवड्यात माझी बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली. अंगणातल्या पाण्याच्या टाकीत. नुसता सांगाडा सुंदर तरंगला, अगदी आराखड्यातल्या रेषेवर. मग मी मोटर बसवली, आणि बॅटरी. किटमध्ये सुचवली होती त्याच्या दुप्पट क्षमतेची घेतली होती, कारण दुप्पट वेळ चालेल असा माझा भाबडा हिशेब. बोटीनं शेपटी टेकली आणि मागच्या कडेवरून पाणी आत. बॅटरी मी वेळेवर उचलली म्हणून वाचली.

बाबा छत्री घेऊन मागे उभे होते.

"कितीची लावलीस?"

सांगितलं.

"अरे, ताकद वाढवायची म्हणून वजन वाढवलंस. आता निम्मी ताकद ते वजन ओढण्यातच जाणार."

"मग घाटात तुम्ही काय करायचा?"

"घाटापुरतं मागून इंजिन लावायचो. गाडी मुंबईहून निघते तेव्हापासून कुणी पाच इंजिनं जोडत नाही. जिथं लागतं तिथं लावायचं, काम झालं की सोडायचं."

मी तिथंच टाकीपाशी उभा राहिलो. कारण ब्रिटिशांनी नेमकं हेच केलं. सगळा कोळसा पोटात घेऊन निघता येत नसेल, तर तो वाटेत ठेवा. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कायमचा कोळशाचा डेपो हवा होता, आणि जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या सैन्यानं एडन जिंकून घेतलं. तिथं १९६७ पर्यंत युनियन जॅक होता. इतिहासाच्या पुस्तकात याला सामरिक महत्त्व वगैरे म्हणतात. त्यामागे इतर कारणंही होतीच, पण एक मोठं कारण असं, की बोटीचं पोट साडेपाच दिवसांचं होतं आणि रस्ता अकरा दिवसांचा.

दुसरा उपाय त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये ब्रुनेल या इंजिनिअरला दिसला. बोट सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर पोटातली जागा आठपट होते, पण पाण्याचा अडथळा साधारण चौपटच वाढतो. म्हणजे बोट जितकी मोठी, तितकं इंधन पुरवणं सोपं. त्याची 'ग्रेट वेस्टर्न' १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचली तेव्हा सुमारे दोनशे टन कोळसा शिल्लक होता. याच हिशेबाची उलटी बाजू म्हणजे मॉडेल. मूळ बोटीच्या वीसपट लहान मॉडेल केलं तर त्याला आठ हजारपट कमी वजन झेपतं. टेबलावर शंभर ग्रॅम किरकोळ वाटतात. पाण्यात ते शंभर ग्रॅम म्हणजे उतारूंच्या दालनात भरलेला कोळसा.

मी बॅटरी बदलली. लहान घेतली, आणि पुढे सरकवून बसवली. बोट रेषेवर आली.

पुढे जे झालं ते मात्र आमच्या गावाशी थेट जोडलेलं आहे. मुंबई-सुएझ टपाल सुरळीत झाल्यावर प्रश्न उरला मुंबईच्या पुढचा. गोदीत उतरलेली पिशवी कलकत्त्याला न्यायची कशी? उत्तर आमच्या दारातून गेलं. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून कसारा ते इगतपुरी लोहमार्ग सुरू झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग आठवतो? तो सुएझहून आगबोटीनं मुंबईला उतरतो आणि बऱ्हाणपूरमार्गे पुढे जातो, म्हणजे कादंबरीतल्या त्या ऑक्टोबर १८७२ मध्ये तो आमच्या घाटातूनच चढला असणार. इगतपुरी हे गाव नकाशावर ठळक झालं ते या रस्त्यावरचं इंजिन बदलायचं ठिकाण म्हणून. आणि ती इंजिनंही तेव्हा कुठून आली? इंग्लंडहून. बोटीतून.

ही गोष्ट मला इथं टोचायला लागली. मुंबईनं लाकडी बोटी बांधणं चालूच ठेवलं होतं, आणि त्या भारी होत्या. १८५४ मध्ये 'पंजाब' नावाची मोठी आगबोट गोदीतून उतरली. १८६३ मध्ये ती विकली गेली. जॉन विलिस नावाच्या जहाजमालकानं ती घेतली, तिच्यातली इंजिनं काढून टाकली, 'ट्वीड' असं नाव ठेवून नुसत्या शिडांवर चालवली, आणि ती त्या काळच्या वेगवान जहाजांत गणली गेली. विलिसला तिचा आकार इतका आवडला, की १८६९ मध्ये त्यानं स्वतःचं नवीन जहाज बांधून घेताना पुढच्या भागासाठी 'ट्वीड'चा आदर्श ठेवला. ते जहाज म्हणजे 'कटी सार्क'. आज लंडनला ग्रिनिचमध्ये तिकीट काढून लोक बघतात ते.

म्हणजे मुंबईची बोट इंजिनाशिवायही पळत होती. पण तोवर जगाला इंजिन हवं होतं, आणि इंजिनामागून लोखंडी बोट आली. लोखंड, बॉयलर, इंजिन सगळं एकाच देशातल्या कारखान्यांत होत असताना सागवान वाकवायची शंभर वर्षांची विद्या कोण विचारतो? गोदीत दुरुस्त्या होत राहिल्या. नवी मोठी जहाजं तिकडे बनू लागली.

हे ओळखलेला एक माणूस त्याच घराण्यात होता. आर्देशीर खरशेटजी वाडिया, जन्म १८०८. सांगाडा आपला आणि इंजिन दुसऱ्याचं, हे त्याला पटेना. त्यानं स्वतःच्या हातानं एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बनवलं, विहिरीचं पाणी उपसायला. १८३३ मध्ये 'इंडस' नावाची छोटी आगबोट पाण्यात उतरवली. १८३४ मध्ये माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखवले. पुढे इंग्लंडला गेला, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. तो मान मिळालेला पहिला भारतीय. (दुसरे रामानुजन, १९१८ मध्ये.) परत येऊन मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचा मुख्य इंजिनिअर झाला, आणि युरोपियन कामगार त्याच्या हाताखाली होते. आणि १८५१ मध्ये त्यानं 'लवजी फॅमिली' नावाची आगबोट उतरवली, जिचे भाग त्याच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. नाव बघा. संचालकाचं नाही, आजोबा-पणजोबांचं.

एका माणसाच्या ओतशाळेनं देशाचा इतिहास फिरत नाही, हे मला कळतं. पण गेली सहा वर्षं मी ज्या कंपन्यांसाठी सांगाडे बांधतोय (आणि छान बांधतोय, फासळी न् फासळी सरळ), त्यांतली इंजिनं कायम दुसरीकडून आलेली असतात. लायब्ररी त्यांची, क्लाउड त्यांचा, मॉडेल त्यांचं. मला त्याची कधी लाज वाटली नव्हती, आणि आताही वाटते असं नाही. फक्त आर्देशीरबद्दल वाचल्यापासून पूर्वीइतकं निवांत वाटत नाही.

असो. शेवट सांगतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर भावली धरणाच्या काठावर आम्ही बोट नेली. बाबा, मी आणि आईनं दिलेला चहाचा थर्मास. बोट निघाली, वळली, नाळ उचलून झकास पळाली. तीन मिनिटं. मग पाणवनस्पतीत घुसली, पंख्याला वेल गुंडाळली गेली, आणि मी गडबडीत थ्रॉटल सोडायच्या ऐवजी वाढवला. जळक्या वार्निशचा वास काठापर्यंत आला. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि बोट घेऊन आले. सांगाड्याला ओरखडाही नव्हता. मोटर गेली होती.

घरी येऊन मी फोनवर नवी मोटर शोधायला लागलो. परदेशी, बाराशे रुपये, दहा दिवसांत घरपोच.

"थांब," बाबा म्हणाले. "उघडून तर बघू."

पेपर पसरला. मोटरीच्या मागच्या पत्र्याच्या दुमडी सरळ केल्या, आतला रोटर बाहेर काढला. तीन खांब, त्यांवर काळी पडलेली तांब्याची तार. मी सहा वर्षं इंजिनिअर आहे आणि मोटरीच्या आत हात घालायची ही पहिली वेळ. तार उलगडत गेलो आणि बाबा मोजत गेले. प्रत्येक खांबावर सत्तावीस वेढे. स्टेशनजवळच्या पंप रिवाइंडिंगवाल्याकडून तेवढ्याच जाडीची तार आणली. त्यानं पैसे घेतले नाहीत, बोट दाखवायला आण म्हणाला.

आत्ता रविवारची रात्र आहे. दोन खांब भरून झालेत, तिसऱ्यावर सतरा वेढे. पहाटेची गाडी आहे, त्यामुळे बाकीचे दहा पुढच्या शनिवारी. बाबांनी रोटर एका रिकाम्या डबीत ठेवून वर चिठ्ठी चिकटवली आहे: '१७ झाले. हात लावू नये.'